पानावर आडवा हात

पंगतीत वाढपी आला की आपण सगळेच पानावर आडवा हात धरतो. तो नकार खरा नसतो, हे आपल्यालाही ठाऊक असतं आणि वाढप्यालाही. तो हाताखालून वाढून पुढे जातो आणि आपण 'अहो, पुरे पुरे' म्हणत जेवतो. आमच्या शाळेतल्या गणिताच्या मॅडमचा नकार मात्र खरा असायचा. आर्वीत मी त्यांच्यासोबत बरीच वर्षं शिकवलं, पण त्यांचा हात खरा मानणारा वाढपी काही मी पाहिला नाही.

त्यांना शेंगदाणा चालत नव्हता. म्हणजे आवडत नव्हता असं नव्हे. दाण्याचा कूट पोटात गेला की अंगावर गांधी उठायच्या आणि घसा आवळत जायचा. आणि आपल्याकडे कूट नसतो कशात? वांग्यात असतो, चटणीत असतो, साबुदाण्यात तर असतोच. कुणाचा वाढदिवस असो की निरोपसमारंभ, मॅडम आधी विचारायच्या, "यात शेंगदाणा हाय का जी?" त्यावरून स्टाफरूममध्ये हशा पिकायचा. मुख्याध्यापक म्हणायचे, "अवो मॅडम, एका घासानं काय होते?"

"सर, एकच घास पुरते," म्हणत मॅडमही हसायच्या आणि पर्समधून आपला डबा काढायच्या.

हाच डबा त्यांनी आमच्या नव्या घरी काढला. बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली, आणि मॅडमनी वांग्याच्या भाजीला आडवा हात करून डबा उघडला. माझ्या आईचा चेहराच पडला. लहानपणी तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारी माणसं तिनं पाहिली आहेत. म्हणाली मला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "तुह्या मॅडमले आपल्या घरचं चालत नाई वाटते."

मॅडमचा घास हातातच राहिला. त्या उठल्या आणि आईमागोमाग स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी खालीच बसल्या. "आजी, तसं नाई जी. शेंगदाण्यानं माहा जीव जाते."

आई तिच्याकडे वळली. "मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"सांगते ना. कोणी खरं मानत नाई."

आईनं आहेरात आलेली कोरी कढई काढली, विसळली आणि त्यात झुणका टाकला. मॅडम दोन भाकरी जेवल्या. तेव्हापासून ती कढई मॅडमची. त्यात दुसरं काही शिजवायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. एकदा मी चिवडा परतला, तर आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मॅडम पन्नाशीच्या, तरी निघताना आई दारातून सांगायची, "येजो पोरी."

पण त्या दिवसानंतर एक गोष्ट बदलली होती, ती मला उशिरा कळली. मॅडमनी लोकांत डबा काढणं सोडलं. "आजीचा तो चेहरा आठवते, सर," त्या म्हणाल्या. "आता कोणाच्या दारात डबा उघडायची हिंमत होत नाई." मग पंगतीत नुसता भात आणि पोळी घेऊन बसायच्या. बाकी सगळ्याला आडवा हात.

यंदा उन्हाळ्यात तळेगावला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. समोर व्याही मंडळी जेवत होती आणि दीर स्वतः वाढत होते. मॅडमनी हात धरला. "वहिनी, थोडीशी. आज तरी नाई म्हणू नका," म्हणत दिरांनी हाताखालून भाजीचा रस्सा भातावर घातला. नव्या सोयऱ्यांसमोर पान टाकून उठणं त्यांच्यानं झालं नाही. कडेचा कोरडा भात तेवढा खाऊ, असं त्यांना वाटलं असावं. डबा पिशवीतच होता. दवाखाना गाठायच्या आत, वाटेतच त्या गेल्या.

मला त्या दिरांचा राग येतो आणि कीवही येते. बिचाऱ्यांनी मायेनंच वाढलं होतं. पण आईचं काय करू, ते मला कळत नाही. "माह्या बोलण्यानं तिनं डबा बंद केला का रे?" ती विचारते. मी नाही म्हणतो. ते तिला पटत नाही, आणि मलाही नाही.

तेरवीला तिला घेऊन गेलो. पंगत बसली. वाढपी वांग्याची भाजी घेऊन आला, तशी आईनं विचारलं, "यात शेंगदाणा हाय का जी?"

"हाय ना आजी. मस्त कूट टाकला हाय."

आईनं पानावर आडवा हात धरला.

"घ्या वो, एका घासानं काय होते," तो हसून म्हणाला, आणि हाताखालून वाढून पुढे गेला.