मावशीच्या अंबाड्यातला आकडा

कुणाच्याही घरी गेली की माझी मावशी आधी खिडकीकडे जायची. पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आत अंबाड्यातला आकडा काढून खिडकीच्या लाकडी चौकटीत, अगदी खालच्या कोपऱ्यात टोचायची. आकडा आत गेला नाही, तरच बसायची. गेला, तर यजमानांचं काही खरं नसायचं. "वरून रंग, आतून भुसा!" असं तोंडावर सांगून वर चहात साखर कमी घाला म्हणायची.

माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मी मावशीकडेच. ती सरकारी कचेरीत नोकरीला. लग्न केलं नाही. स्वतःच्या पगारातून तिने कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. गल्लीकडची सागवानी खिडकी हा तिचा खरा संसार. पावसाचा मारा थेट त्या खिडकीवर. म्हणून पावसाळा सरून लाकूड खडखडीत वाळलं, की मावशी पदर खोचायची. सुटलेला रंग खरवडायचा, पॉलिश पेपरने घासायचं, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि मग रंगाचे दोन हात. शेजारच्या काकांनी एकदा भर पावसाळ्यात खिडकी रंगवायला काढली. मावशी जिन्यातूनच म्हणाली, "अहो, न्हालेलं डोकं तसंच बांधून ठेवलं तर काय होतं? कुबट वास येतो. लाकडाचंही तेच." काकांनी रंगाचा डबा बंद केला. पाणी लाकडात मुरतं, म्हणून मला खिडकीत कुंडी ठेवायलाही बंदी होती. "गुलाब बघायचाय? बागेत जा," म्हणायची.

माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा हिंजवडीत, घर शनिवार पेठेत, माणसं गोड बोलणारी. मावशीने गप्पांच्या ओघात आकडा टोचला आणि तो अर्धा आत गेला. तिने चहा संपवला, "जयभीम, येतो आम्ही," म्हणाली आणि मला घेऊन बाहेर पडली. रस्त्यावर म्हणाली, "स्वतःच्या खिडकीकडे ज्यांचं लक्ष नाही, ते तुझ्याकडे काय बघणार?" मी पुढे लग्न केलंच नाही. त्याला तो आकडा जबाबदार नाही, पण आमच्या नात्यातले लोक अजून तसंच म्हणतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर खिडकी रंगवून झाली. आठवड्याभराने मी ऑफिसातून आले, तर मावशी ओल्या वासाचा तो नवा रंग खरवडत बसलेली.

"अगं, हे काय चाललंय?"

"बघ ना, पावसाने वाट लावलीय. यंदा कुणी रंगच लावला नाही."

मला आधी चेष्टा वाटली. मग ते रोजचंच झालं. डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला आणि बजावलं, यांना सवयीच्या जागेतून हलवू नका. मीही मनाशी ठरवलं, काही झालं तरी मावशी शेवटपर्यंत तिच्याच घरात राहील. पण ती ते घरच पोखरत होती. मी पॉलिश पेपर लपवला, तर सुरीने खरवडायची. चौकट इतकी झिजली, की बिजागरीचे स्क्रू धरेनात. एका सकाळी झडप निखळून खाली गल्लीत पडली. खाली कुणी नव्हतं, हे नशीब. मावशी मात्र मोकळ्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकली होती. मी मागून तिला गच्च धरलं. "सोड, पाडशील ना मला!" ती माझ्यावरच खेकसली. जन्मभर जपलेलं लाकूड तिने स्वतःच्या हातांनी संपवलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मला रडू आवरेना.

दुसरा इलाज नव्हता. तिला दिवसभर शेजारच्या काकांकडे बसवलं आणि ॲल्युमिनियमची खिडकी बसवून घेतली, बाहेरून ग्रिल. संध्याकाळी ती आली, सरळ खिडकीपाशी गेली आणि आकडा काढला. टोचला. घसरला. पुन्हा टोचला, पुन्हा घसरला. मग समाधानाने मान हलवून ती खुर्चीच्या कडेवर बसली. पाहुण्यासारखी, पदर सावरून.

"घर चांगलं आहे हो तुमचं. चौकट टणक आहे. आपण मुलाच्या कोण?"

मी तिच्यासमोर बसले.

"आमची मुलगी गुणी आहे," मावशी म्हणाली. "आई नाही तिला. म्हणून मी आधी टोचून बघते. राग मानू नका."

"राग कसला," म्हणत मी चहा टाकायला उठले. साखर कमी घातली.