बंद फोनवरचं इंग्रजी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की आणखी काही कारण आहे? असेल. लिहिता लिहिता कळलं तर बघू.

आमचं घर पोलादपूरजवळच्या कापडे गावातलं. भाताची थोडी जमीन. भात झोडून झालं की आबा, म्हणजे वडील, मिळेल त्या कामावर. आम्ही दोन भावंडं — कुंदाताई मोठी, मी धाकटा. ताईची दहावी झाली तेव्हा आबांनी जेवताना सांगून टाकलं, की पुढं महाडला एकालाच शिकवता येईल, आणि ते पोराला. ताईचे मार्क माझ्यापेक्षा बरे होते. ती ताट उचलून मोरीकडे गेली. विषय संपला.

मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्याचा मला अभिमान आहे — आजही आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या पदवीपायी ताईचं काय गेलं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

ताईनं मागाहून, लावणी-कापणी सांभाळत, पोलादपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला. मुंबईच्या मामानं त्याचा वापरलेला लॅपटॉप तिला दिला. एस.टी. स्टँडजवळ एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानात तिनं टेबल टाकलं. ऑनलाइन अर्ज, दाखले, पोरांचे प्रवेश. वाड्यांवरच्या बाया मुद्दाम तिच्याकडे यायच्या, कारण ती कुणावर खेकसायची नाही. तेव्हा एकदा ती कुणालाही न विचारता स्वतःसाठी चपला घेऊन आली होती. दारात उभी राहून पायांकडे बघत होती.

मग लॅपटॉपची बॅटरी फुगली. कीबोर्ड मधूनच वर आला. महाडचा दुरुस्तीवाला म्हणाला, बाहेरची बॅटरी याला बसत नाही. पण या मॉडेलची बॅटरी कंपनी सध्या फुकट बदलून देतेय, फोन करून नोंद करा, मुदत संपत आलीय. ताईनं स्वतःच फोन केला असता. आबा म्हणाले, "घरात ग्रॅज्युएट बसलाय, तू कशाला गो?"

ओटीवर बसलो. समोर आबा, ताई, शेजारचे दोघे-तिघे. फोन लागला की आधी भाषा विचारतात — मराठीसाठी हा आकडा, हिंदीसाठी हा, इंग्रजीसाठी हा. मराठीचा आकडा होता. पुन्हा सांगतो — होता. मी इंग्रजीचा दाबला. का? आबा बघत होते म्हणून? की ते बघतायत, हे मला बघायचं होतं?

पलीकडून एक मुलगी भराभर काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही. इंग्रजी मी पेपरात लिहून पास झालो होतो. माझ्याशी त्या भाषेत कुणी कधी बोललं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं. मी फोन कापला. आणि तो तसाच कानाला धरून बोलत राहिलो — यस मॅडम, ओके मॅडम, ओल्ड मशीन मॅडम, थँक्यू. बंद फोनवर. आबा शेजाऱ्याकडे बघून हसले. असे हसलेले मी त्यांना फारसे पाहिले नाहीत.

मग मी फोन खाली ठेवला आणि म्हणालो, कंपनी नाही म्हणते. मशीन जुनं झालं, त्याला आता काही मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी एकट्यानं, मराठीचा आकडा दाबून फोन करता आला असता. कुणी काही विचारलं नसतं. बॅटरी आली असती, एवढंच. नाही केला. मुदत संपली.

लॅपटॉप बंद पडला. दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. टेबल गेलं. ताई बिरवाडीत खोली घेऊन कारखान्यात पॅकिंगला लागली. जाताना मलाच म्हणाली, "तू काय करशील रे, कंपनीच तशी हाय."

गोष्ट इथंच थांबली असती तर मी ती पचवलीही असती, बहुतेक.

मधे काही वर्षं गेली. मी आता शाळेत इंग्रजी शिकवतो — हो, इंग्रजीच. यंदा त्याच कंपनीनं जुन्या लॅपटॉपची दुरुस्तीच बंद केली. सुटे भाग नाहीत, नवीन घ्या. लोक चिडले — शिक्षक, फोटो स्टुडिओवाले, अर्ज भरून देणारे. महाड-पोलादपुरातून इतक्या तक्रारी गेल्या की कंपनीनं एक साहेब महाडला पाठवला. दक्षिणेकडचा माणूस, मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. दुभाष्या म्हणून लोकांनी मला बसवलं. एकेक जण टेबलाशी यायचा, मी त्याचं म्हणणं साहेबाला सांगायचो.

आणि रांगेत ताई. कारखान्यातली पाळी संपवून थेट आलेली. मी तिला बोलावलं नव्हतं. साहेबासमोर उभी राहून म्हणाली, "तुमच्या कंपनीनं मला तवाच बॅटरी मिळणार नाय म्हणून सांगितलेलं. हा माझा भाऊ हाय. यानंच फोन केलेला, इंग्लिशमधून. इचारा त्याला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. शब्दन् शब्द. साहेबानं माझा फोन नंबर विचारला, त्याच्या मशीनवर शोधला आणि मला हळू आवाजात म्हणाला — या नंबरवरून एकच फोन आलाय, काही न बोलता कापलेला. तेव्हा नोंद केली असती तर बॅटरी फुकट मिळाली असती. मग तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं, असं मला वाटतं.

"काय म्हणतायत रे?" ताईनं विचारलं.

या वेळी मला सगळं कळलं होतं. मी म्हणालो, "चुकलं म्हणतात, ताई. कंपनीचं चुकलं."

तिनं साहेबाला हात जोडले. डोळे पुसत रांगेतल्या बायांकडे गेली आणि सांगू लागली, की एवढा मोठा साहेब, पण माझ्या भावानं त्याला चूक कबूल करायला लावली. गावातही तेच सांगते. आबा तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. मी तिथंच बसलेला असतो.

तक्रारींचा निकाल लागला. कंपनीनं जुन्या मशीनची दुरुस्ती पुन्हा सुरू केली, बॅटऱ्या महाडला आल्या. ज्यांनी आपली मशीनं जपून ठेवली होती, त्यांची चालू झाली. ताईनं तिचं केव्हाच भंगारात दिलं होतं.