बॉयलर पाच वाजता बंद व्हायचा

लातुरात शिकवणीच्या वर्गांची लाट आली तेव्हा आम्ही घरावर दोन मजले चढवले आणि मुलींचं होस्टेल काढलं. नवरा शिरूर अनंतपाळच्या शाळेत मास्तर, त्यांची रोजची ये-जा. त्यामुळे होस्टेल सगळं माझ्याच अंगावर होतं. बत्तीस मुली. कुणी उदगीरची, कुणी देगलूरची, कुणी पार बिलोलीची. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं आणि सगळ्यांना सकाळी सातच्या आत वर्गाला पोचायचं होतं.

गच्चीवर विजेचा मोठा बॉयलर होता. पाणी किती तापलं की थांबायचं, हे ठरवणारा थर्मोस्टॅट मात्र खाली माझ्या ऑफिसच्या भिंतीवर होता. हाताच्या पंज्याएवढी गोल चकती, मधे काटा. तिथून निघालेली वायर जिन्याच्या कडेकडेनं तीन मजले चढून गच्चीवर जायची. ही सगळी जोडणी चाचांची. घर बांधलं तेव्हापासून आमच्याकडे विजेचं काम त्यांच्याशिवाय कुणी केलं नव्हतं. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. साठी उलटलेली, गुडघा दुखायचा, तरी शिडीवर मात्र स्वतःच चढायचे. मला ते ताई म्हणायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती वायर रोज दगा द्यायला लागली. उन्हानं वरचं आवरण तडकलं होतं, आणि मधल्या मजल्यावर उंदरांनी कुरतडलं होतं. चाचांनी दोनदा जोड मारला. तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, ह्या वायरीचा आता भरोसा न्हाई. बिनवायरचा आलाय बाजारात. एक डबी वर बॉयलरजवळ, एक तुमच्या हातात. मधी वायरच न्हाई. आन् टाइम भरून ठेवता येतो, सातही दिवसांचा."

"तुम्हाला जमेल का बसवायला?" मी विचारलं.

"कागद वाचून घेतो. न जमायला काय झालं?"

त्यांनी तो कागद दोन दिवस वाचला. इंग्रजी होता, म्हणून आमच्याच एका मुलीकडून एकेक ओळ समजून घेतली. मग एका दुपारी मेन स्विच पाडला, टेस्टर लावून बघितला, आणि पुन्हा एकदा लावून बघितला. चकती उघडली. कुठली वायर कुठल्या स्क्रूला होती ते खडूनं भिंतीवर लिहून घेतलं आणि मगच सोडवली. वर बॉयलरशेजारी नवी डबी ठोकली, तिला पावसापाण्यानं काही होऊ नये म्हणून पत्र्याचं छप्पर केलं. संध्याकाळी हातातला रिमोटसारखा पॅनेल माझ्यापुढं ठेवला. पडद्यावर आकडे उमटले होते. पहाटे चार ते साडेसहा, पंचावन्न डिग्री. त्यांनी मला बटणं दाबून दाखवली, मग माझ्याकडून दाबून घेतली. "आता तुमीच मालक," असं म्हणून हसले.

पहिले पंधरा दिवस पाणी असं आलं की मुलींना विश्वास बसेना. अंघोळी लांबल्या. बाथरूमचं दार वाजवून वाजवून माझे हात दुखायचे. लातूरचं पाणी म्हणजे काय ते लातूरकरालाच माहीत, आठवड्यातून दोनदा टँकर घ्यावा लागत होता आणि या पोरी आत गाणी म्हणत बादल्यांवर बादल्या ओतत होत्या. रिक्षा खाली उभी, मुली वर ओल्या केसांनी.

एका सकाळी मी ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि पॅनेलवरची वेळ बदलली. चार ते साडेसहाच्या जागी चार ते पाच. सातही दिवस.

तापलेलं पाणी पहिल्या दहाबारा जणी नेणार. नंतर टाकीत नवं पाणी येत राहणार आणि कॉईल मात्र बंद असणार. मागच्यांना गारच मिळणार. हे मला न कळता झालं असं मी म्हणू शकत नाही. मला पक्कं कळत होतं. मला वाटलं, चार दिवस गार पाणी अंगावर पडलं की आपोआप लवकर उठतील, लवकर आटपतील.

आणखी एक गोष्ट मनात होती, ती तेव्हा मी स्वतःशीही नीट बोलले नव्हते. भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी नववीत होते. पहिला हिवाळा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढला. पहाटे पत्र्यावरचं दव थेंबथेंब अंथरुणावर पडायचं. गोणपाटाच्या आडोशाला आई माझ्या अंगावर बर्फासारखं पाणी ओतायची आणि दात वाजत असतानाच मी पुस्तक घेऊन बसायचे. दहावीला मी शेडवस्तीत पहिली आले. पुढं आयुष्यभर मी ते श्रेय त्या गार पाण्याला देत आले. आईला दिलं नाही. तिच्याकडं चूल पेटवायलाच काही नव्हतं, आणि ओतताना ती रडायची, हे मी सोयीनं विसरले होते.

मुली कुरकुरल्या. "काकू, पाणी गार येतंय." मी म्हणायची, "लवकर उठा, गरम मिळेल." सगळ्यांत शेवटी अंघोळ करायची ती बिलोलीची मुलगी. भिडस्त होती. रांगेत मागून कुणी आली की तिलाच पुढं जाऊ द्यायची. डिसेंबरात तिला सर्दी झाली, मग ताप, मग छातीत कफ. डॉक्टरांनी आठ दिवस झोपून राहायला सांगितलं आणि तिची मोठी चाचणी बुडाली.

तिचे वडील आले. बिलोलीच्या कोर्टात शिपाई होते. पायातली चप्पल ऑफिसच्या बाहेर काढून आत आले, खुर्चीवर बसा म्हटलं तरी कडेलाच टेकले.

"मॅडम, रागावू नका," ते म्हणाले, "पोरगी म्हणती पाणी लई गार येतंय. तिला लहानपणापासून छातीचा त्रास हाय. म्हणून इचारलं."

मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं तेव्हा सांगणार होते असंही मला वाटतं. पण बाहेर आलं ते असं: "नवीन मशीन बसवलंय हो. आमच्या मिस्त्रीनं काहीतरी घोळ करून ठेवलाय. आत्ता बोलावते त्याला."

आणि मी बोलावलंच. अर्ध्या तासात चाचा पिशवी घेऊन आले. त्या वडिलांसमोर, दारात जमलेल्या पाचसहा मुलींसमोर मी त्यांना म्हणाले, "जमत नव्हतं तर सांगायचं होतं चाचा. लोकांची लेकरं आजारी पडून राहिलीत."

चाचांनी पिशवी उचलली. दारात उभ्या मुलींकडं एकदा बघितलं आणि गुडघ्यावर हात ठेवत जिना चढायला लागले.

त्या दिवशी त्यांनी वरची डबी उघडून सगळे स्क्रू पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "मधी लोखंडी जिना हाय, त्यानं सिग्नल अडत असंल." डबी चार हात पलीकडं सरकवली. तिसऱ्या दिवशी पॅनेलमधले सेल बदलले. मी टेबलाशी बसून हे बघत होते. दर वेळी ते पॅनेल मागायचे, मी द्यायची आणि आता ते वेळ बघणार असं वाटायचं. पण ते फक्त सेल बघायचे, सिग्नलची खूण बघायचे, परत द्यायचे. वेळ त्यांनी स्वतः भरली होती, ती तपासायचं त्यांच्या मनातच आलं नाही. मी ती बदलीन हे तर नाहीच.

चौथ्या दिवशी ते पहाटेची फज्रची नमाज आटपून थेट आमच्याकडे आले. सव्वासहा झाले असतील. गच्चीवर जाऊन डबीवरचा दिवा बघितला. बंद होता. खाली आले. जिन्यात मुली बादल्या घेऊन उभ्या होत्या.

"ताई, ते हातातलं द्या बघू."

मी दिलं. या वेळी त्यांनी सिग्नल बघितला नाही. वेळेचं बटण दाबलं. सोमवार. मंगळवार. बुधवार. एकेक दिवस पुढं सरकवत ते बघत गेले आणि मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत राहिले. रविवारपर्यंत पोचले. चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडं बघितलं, फार वेळ नाही.

जिन्यातून एकीनं विचारलं, "चाचा, काय झालं होतं?"

"काई न्हाई, बेटा," ते म्हणाले. "माझंच चुकलं. टाइम उलटा भरला होता मी. म्हातारं डोकं हाय."

त्यांनी साडेसहा केलं, सातही दिवस. पॅनेल टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेले.

मी त्या वेळी जरी बोलले असते तरी चाललं असतं. मी जिन्यातल्या मुलींना आटपायला सांगितलं. उलट, सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

बिलोलीची मुलगी संक्रांतीनंतर दुसऱ्या होस्टेलला गेली. त्यानंतर काही दिवसांनी पलीकडच्या गल्लीतल्या होस्टेलच्या मालकीणबाई भेटल्या. त्यांनाही वायर काढून तसला नवा बसवायचा होता. "तुमच्या चाचांना नाही सांगितलं," त्या म्हणाल्या, "त्यांना हे नवीन जमत नाही म्हणे. तुमच्याकडे घोळ केला ना त्यांनी? गल्लीत सगळ्यांना माहीत आहे." मी "हं" म्हणाले. नुसतं "हं".

तीन दिवसांनी मी त्या बाईंकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जरा चमकून बघितलं, आणि म्हणाल्या, "अहो, पण आता दुसऱ्यानं बसवून झालंय." बिलोलीला फोन केला. मुलीच्या वडिलांनी उचलला, त्यांनाही तेच सांगितलं. "सांगितलं ते बरं केलं मॅडम," म्हणाले, "पोरगी आता बरी हाय." आणि फोन ठेवला.

चाचांच्या दुकानात जायला मला आणखी आठवडा लागला. ते एका मिक्सरची मोटार उघडून बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगायला लागले तसे म्हणाले, "बसा." स्टूल पुढं सरकवलं.

"मी वेळ बदलली होती, चाचा. मला ठाऊक होतं. तुमच्यावर ढकललं."

"मालूम हाय."

"मग तुम्ही मुलींना तसं का सांगितलं?"

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "त्या पोरींना तुमच्याच घरात ऱ्हायचंय, मॅडम. जिच्या घरात ऱ्हायचं तिच्याबद्दल मन वाईट झालं तर पोरीनं अभ्यास कसा करावा?" मग म्हणाले, "मला वाईट वाटलं न्हाई असं न्हाई. लई वाटलं."

मी माफी मागितली. ते मान हलवून पुन्हा मोटारीकडं वळले. आजही फ्यूज उडाला की येतात, काम चोख करतात. पण त्या दिवसापासून मला मॅडम म्हणतात.

आता एकच उरलं होतं. एका रविवारी नाश्त्याच्या वेळी मी मुलींना थांबवलं. पोह्याच्या ताटल्या हातात घेऊन सगळ्या बसल्या होत्या. मी सांगितलं की चाचांची काही चूक नव्हती, वेळ मीच बदलली होती, आणि त्यांना सगळ्यांसमोर बोलले ते खोटं होतं. कुणीतरी चिडेल, काहीतरी बोलेल अशी माझी तयारी होती.

चमचे थांबले. मग चाचांना तो कागद वाचून दाखवणारी मुलगी खाली बघतच म्हणाली, "आम्हाला माहीत होतं काकू. तुम्ही टेबलावर ठेवून आत गेला होता तेव्हा मी बघितलं होतं. चार ते पाच लिहिलेलं."

"कधी?"

"चाचांना बोलावलं, त्याच्या आधी."

म्हणजे मी त्यांना बोलले तेव्हा दारात उभ्या असलेल्या मुलींना सगळं ठाऊक होतं. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "घरी सांगितलं होतं. आई म्हणली, आपल्याला तिथं वर्ष काढायचंय, गप ऱ्हा."

मी पॅनेल ऑफिसातून काढून मधल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, त्यांच्या हाताला येईल असा लावला. वेळेवरून त्यांची आपसांत रोज भांडणं होतात. टँकरही वाढला. त्या मुलीनं मात्र वर्ष संपेपर्यंत त्या पॅनेलला एकदाही हात लावला नाही.