चुकलेल्या श्रावणातला दिवा

परदेशात मला देव आठवला तो भक्तीमुळे नव्हे, दमल्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला उगाच भाविक समजणार नाही. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका लहानशा महादेवाच्या देवळाची पूजा आमच्या घराकडे आहे. माझे वडील, आप्पा, रोज पहाटे गाभारा धुतात, पिंडीवर पाणी घालतात, नंदादीपात तेल ओततात. लहानपणापासून हे पाहून पाहून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मी रसायनशास्त्र शिकलो, शिष्यवृत्ती मिळाली आणि सुताच्या रंगावर संशोधन करायला विलायतेतल्या एका गिरण्यांच्या गावी जाऊन राहिलो. आमच्या पेठेतल्या विणकरांच्या लुगड्यांचा लाल रंग धुण्यात उतरतो, तो पक्का कसा करावा, एवढाच माझा विषय होता.

संशोधन हा दिवसातला सोपा भाग होता. बाकीचं जगणंच जड जायचं. खोलीतल्या गॅसच्या एका शेगडीवर बटाटे उकडायचे, नाहीतर कोबी. बाहेर खावं तर साध्या पावातही चरबी असेल ही धास्ती. अंघोळ आठवड्यातून एकदा, पत्र्याच्या टबात, तीही घरमालकीण बाईंना आधी सांगून. सदरा धुऊन वाळत घातला की गिरण्यांच्या धुरानं संध्याकाळपर्यंत त्यावर काजळी बसायची, मग पुन्हा धुवा. आठवडेच्या आठवडे तोंडातून मराठी शब्द निघत नसे. बटाटे सोलताना मी कधी कधी मोठ्यानं स्वतःलाच विचारी, मीठ कुठं ठेवलं? तेवढंच आपलं बोलणं कानावर पडे. दुःख म्हणावं असं मोठं काही नव्हतं. नुसता शीण होता, आणि तो झोपूनही जात नव्हता.

अशात आषाढात एक पत्र आलं. आठ महिने खपून मी सूत रंगवलं होतं. प्रयोगशाळेत ते कितीही धुतलं तरी रंग हलत नव्हता. मोठ्या हौसेनं मी त्याच्या चार लडी पेठेतल्या एका ओळखीच्या रंगाऱ्याकडे पाठवल्या होत्या. त्यानं कळवलं की पहिल्याच धुण्यात पाणी लाल झालं. कारण शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. विलायतेतलं पाणी मऊ, आमचं क्षारांनी जड. आमच्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होतं, आणि नेमकं तेच मी विसरलो होतो. प्राध्यापक रागावले नाहीत. पहिल्यापासून करा, एवढंच म्हणाले. मी खोलीवर आलो आणि अंगातला कोटही न काढता खाटेवर बसून राहिलो. पहिल्यापासून करण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेत मास्तरची जागा मिळण्यासारखी होती. सगळं सोडून घरी जावं असं फार वाटलं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटली.

आमच्या देवळात कौल लावायची रीत आहे. पिंडीला ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न मनात धरून बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कॉलेजात असताना मी याला खूप हसलो होतो. आता निर्णय करायचा कंटाळा इतका आला की मीही कौलच लावायला निघालो. निघताना आईनं ट्रंकेत एक पितळी दिवा घातला होता, तो वर्षभर तळाशी पडून होता. आषाढी अवसेला आमच्याकडे घरातले सगळे दिवे घासून मांडतात. मीही तो राखेनं घासला. माझ्याजवळचं पंचांग गेल्या वर्षाचं, ते फाल्गुनात संपलेलं. म्हणून आप्पांच्या पत्रांवर जी तिथी असे, तिच्यापुढे मी बोटांवर मोजत जाई. त्या हिशेबानं दुसऱ्या दिवशी श्रावण लागत होता. मनाशी ठरवलं: श्रावणभर हा दिवा अखंड ठेवायचा. अवसेपर्यंत तेवत राहिला तर इथं राहून काम पुरं करायचं. मध्ये विझला तर बोटीचं तिकीट काढायचं.

घरमालकीण बाई साठीच्या, विधवा. नवरा गिरणीत होता. भाडेकऱ्याच्या खोलीत रात्रंदिवस उघडी ज्योत म्हटल्यावर त्या घाबरल्याच. मग थोडा विचार करून त्यांनी माझ्या खोलीतल्या शेकोटीच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं. उन्हाळ्यामुळे तो रिकामाच होता. त्या काजळलेल्या विटांमध्ये महादेवाचा दिवा लागला. तेल मात्र औषधाच्या दुकानातच मिळे, लहान बाटलीत, कारण तिकडे ते कानात घालायला वापरतात. मी दर दोन दिवसांनी बाटली न्यायला लागलो तेव्हा दुकानदारानं काळजीनं विचारलं, अजून कान बरा नाही का? मी नाही म्हणालो. देवाच्या कामातलं माझं पहिलं खोटं ते.

दुसऱ्या आठवड्यात मला ताप भरला. सकाळी तेल घालायला उठलो आणि शेकोटीपाशीच खाली बसलो. बाई धावत आल्या. त्यांना मी दिव्याकडे बोट दाखवून, याला तेल, एवढं सांगितल्याचं आठवतं. पुढचे चार दिवस मला नीटसे आठवत नाहीत. डॉक्टर येऊन गेले, कपाळावर ओलं फडकं होतं, कुणीतरी चमच्यानं पाणी पाजत होतं. पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडले तेव्हा अंग हलकं होतं, आणि समोर कोनाड्यात दिवा जळत होता. मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं की या गावात आपण एकटे नाही. अंगात बसण्याइतकी ताकद आल्याबरोबर आप्पांना लिहिलं: मी तापानं पडलो असताना दिवा अखंड राहिला, देवानं कौल दिला, मी इथंच राहून काम पुरं करतो. ते पत्र टपालात टाकून दोन दिवसही झाले नसतील, तोच आप्पांचं पत्र आलं.

वरच्या कोपऱ्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात तिथी होती: अधिक श्रावण, शुद्ध द्वितीया. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अडीच-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो आणि मागाहूनचे सगळे सण महिनाभर पुढे जातात, हे आमच्याकडे पोराबाळांनाही माहीत असतं. म्हणूनच मला ते कुणी मुद्दाम कळवलं नव्हतं. ज्या श्रावणासाठी मी शपथ घेतली होती, तो अजून लागलाच नव्हता. आप्पांनी खाली लिहिलं होतं, अधिकामुळे देवळात दिवे लावायला बायकांची रीघ आहे, तेल पुरवता पुरवता हात दुखून येतात. पुजाऱ्याच्या पोटी जन्मून मला महिनासुद्धा धड मोजता आला नव्हता. मग तो कौल कसला, आणि दिला तरी कुणी?

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा माझा चेहरा पाहून घरी काही वाईट घडलं का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं: कौल, शपथ, चुकलेला महिना. किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला.

"मग मला एक सांगायलाच हवं," त्या म्हणाल्या. "तुमचा दिवा गुरुवारी विझला होता. मी डॉक्टरांना पोचवायला दारापर्यंत गेले, परत आले तर ज्योत नव्हती. तुम्ही बरे झाल्यावर इतके आनंदात होतात, म्हणून बोलले नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? काडी ओढली आणि लावला." मी रागावलो असं वाटून त्या पुढे म्हणाल्या, "पुन्हा लावायचा नसतो का?"

माझ्या शपथेप्रमाणे मी बोटीत बसायला हवं होतं. पंचांगाप्रमाणे शपथ लागूच होत नव्हती. आणि यातलं काहीच ठाऊक नसलेल्या एका बाईनं आजाऱ्याच्या खोलीतला विझलेला दिवा लावून ठेवला होता. तो चहा निवेपर्यंत मी तसाच बसलो होतो. देवाला मी दोनच उत्तरं द्यायची मुभा दिली होती, हो किंवा नाही. त्यानं काय करावं हे मीच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी ते सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो, तिथल्या मऊ पाण्यात क्षार घालून सोलापूरच्या विहिरीसारखं पाणी तयार केलं आणि पहिली लड भिजत घातली. शीण होताच, तो पुढेही राहिला. फक्त घरी जाऊ की राहू, हे रोज सकाळी उठून स्वतःला विचारणं थांबलं.

काम पुरं व्हायला आणखी दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत आप्पांना मात्र मी खरं कळवलं नाही. दर पत्रात लिहायचं ठरवी आणि राहून जाई. परत आलो तर माझं पत्र आप्पांनी सगळ्या पेठेला वाचून दाखवलेलं. म्हाताऱ्या बायका मला थांबवून सातासमुद्रापार अखंड राहिलेल्या दिव्याची गोष्ट विचारायच्या. आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नवव्या दिवशी दुपारी देवळात कुणी नव्हतं. आप्पा सभामंडपात वाती वळत बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"आप्पा, तितला दिवा इझला हुता. मागनं कळलं मला. तुमाला कळवलं न्हाय."

आप्पांनी हातातली वात पुरी वळली. "हितलाबी इझतो की," ते म्हणाले. "वर्सातनं धा-बारा येळा. वारं येतं, उंदीर वात वडून नेतो. कदी माजाच डोळा लागतो. लावतो परत."

"लोकास्नी ठावं हाय का हे?"

"देवाला हाय." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "परत लावला कुनी?"

मी बाईंबद्दल सांगितलं. ताप, पाणी पाजणं, गुरुवार, काडी, सगळं. आप्पांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लई मोटी सेवा केली बाईनं. तू काय बोललास तिला?"

मी आठवू लागलो. डोळे उघडले तेव्हा मी देवाचे आभार मानले होते. चहाच्या वेळी मी गप्प होतो. पुढे दोन वर्षं त्याच घरात राहिलो, निघताना त्यांच्याशी हस्तांदोलन केलं, पण त्या चार दिवसांबद्दल एक शब्द त्यांना बोललो नव्हतो.

"काई न्हाय," मी म्हणालो.

"मग लिव की आज," असं म्हणून आप्पा तेलाची बुधली घेऊन गाभाऱ्यात गेले. मी घरी येऊन कागद घेतला आणि संध्याकाळच्या टपालाआधी पत्र पुरं केलं. त्यात कौलाचं किंवा अधिक महिन्याचं काही लिहिलं नाही. मी आजारी असताना तुम्ही माझी काळजी घेतलीत, एवढ्या एका ओळीपाशी मात्र मला बराच वेळ लागला.