गच्चीवरची रिकामी जागा

एरवी मी या ग्रुपवर फक्त वाचते. आज विचारायचंय.

मुलं, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, सगळ्यात माझा योग कमीजास्त झाला, पण सुटला नाही. मिस्टर वारले तेव्हा सुटला. या आठवड्यापासून पुन्हा सोसायटीच्या गच्चीवर योगाला जातेय. सगळे दाटीवाटीने बसतात, पण माझ्या शेजारची जागा रोज रिकामी असते.

आज एक नवीन बाई तिथे चटई टाकायला लागल्या. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन घाईने म्हणाल्या, "अरे, वहाँ नहीं, इधर आओ ना."

विधवेशेजारी बसायला नको, हेच माझ्या मनात आलं. वृक्षासनात तोल गेला. पूर्वी ह्यांच्या खांद्याला बोट टेकवायचे.

जिना उतरताना हंसाबेनना विचारलंच.

"भाभी, वो भाईसाब की जगह है. हम किसी को बैठने नहीं देते."

उत्तर चांगलं होतं, पण फार पटकन आलं. तुम्ही विश्वास ठेवला असता?

उद्या मी ह्यांच्या जागेवर माझी चटई टाकणार आहे. माझी जागा मोकळी होईल. तिथे कुणी बसतं का, बघते.