आत्याच्या कॉम्प्युटरचा नवा आवाज

आमची आत्या अंध. टायपिस्ट म्हणून तिनं उभी हयात काढली. पडद्यावरचं सगळं तिला कॉम्प्युटर वाचून दाखवायचा. त्याची सिस्टीम जुनाट झाली, तरी आत्या ती बदलू देईना. शेवटी सुनेनं गळ घालून नवी टाकली.

पहिलंच वाक्य ऐकून आत्या म्हणाली, "ही कोण बाई आणलीस? माझा जुना आवाज परत बसव."

"बसवते, आई. आधी हा फोटो ऐका." जुन्या सिस्टीमला फोटो वाचता येत नसत. सुनेनं नातीचा फोटो उघडला.

"हसणारं बाळ, डोक्यावर पातेलं," कॉम्प्युटर बोलला.

आत्या पोट धरून हसली. "राहू दे हिला," ती म्हणाली, "फक्त जरा भरभर बोलायला लाव."

आता दुपारभर ती घरातले जुने फोटो ऐकत बसते आणि आतोबांच्या लग्नातल्या मिशांची थट्टा करते.