खालच्या ताईंचे आर्टिचोक

मी ताईंच्या वरच्या मजल्यावर राहते. रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे त्यांच्या सासऱ्यांच्या आजारपणाच्या निमित्ताने माझं त्यांच्याकडे जाणं-येणं वाढलं आणि हे सगळं मला जवळून दिसलं.

ताई म्हणजे खालच्या घरातली सून. नवरा पाच वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. घरात त्या आणि त्यांचे सासरे, दोघंच.

सासऱ्यांनी उभा जन्म मोटारचालकांच्या परीक्षा घेतल्या. शेजारी बसायचं, "डावीकडे घ्या, इथे थांबा" म्हणायचं आणि शेवटी पास की नापास ते सांगायचं. आता त्यांची स्मरणशक्ती गेली होती, पण परीक्षा सुरूच होत्या. चहा नापास. उशी नापास. एकदा तर ते चौकात गेले, सिग्नलला थांबलेल्या एका परक्या गाडीचं दार उघडून आत बसले आणि चालवणाऱ्या बाईंना म्हणाले, "घाबरू नका. आधी आरसा बघा." बाईंची बोबडी वळली. त्यांनी गाडी नेली ती थेट पोलीस चौकीत.

ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही आलं होतं. पण त्या दिवसापासून ताईंनी पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात अडकवली.

त्याआधी ताई कापडाच्या रंगकारखान्यात शेड जुळवायच्या. दोन चिंध्या खिडकीशी धरून सांगायच्या, "यात निळा किंचित कमी पडलाय." यंत्राने हो म्हटलं तरी कारखाना ताईंचं ऐकायचा. सासऱ्यांना एकटं ठेवणं अशक्य झालं तेव्हा नोकरी सुटली. सामान घरपोच यायला लागलं. उरलं मागचं अंगण. दहा पावलं लांब, सात पावलं रुंद, आणि तिन्ही बाजूंना डोक्यावरून जाणाऱ्या भिंती.

एका प्रदर्शनात मला बियांचं पाकीट मिळालं. वर हिरव्या, खवलेदार, मिटलेल्या कळीचं चित्र. माझ्या हातून कुंडीतलं रोपटंही जगत नाही, म्हणून मी ते ताईंना दिलं.

"आर्टिचोक," त्यांनी वाचलं. "हे खायचं की शोभेचं?"

"कळी खातात म्हणे. फुलायच्या आत."

"फुलायच्या आतच?" त्या पाकिटाकडे बघत राहिल्या. "बरं. बघू."

त्यांनी दहा बिया भिजवल्या, चहाचे जुने कप माती भरून खिडकीत मांडले. सात उगवल्या. एक रोप पांढरंफटक निघालं, चौथ्या दिवशी मान टाकली. दुसऱ्याला नुसते काटेच काटे. बियांपासून लावलं की एकासारखं दुसरं निघेल याचा नेम नाही, असं पाकिटावर छापलं होतं. काटेरी रोप ताईंनी उपटलं. राहिली पाच, राखाडी हिरवी, करवतीसारख्या पानांची. ती त्यांनी कुंड्यांत लावली.

पाकिटावर आणखी एक अट होती. रोपं लहान असताना त्यांना दहा-पंधरा दिवस चांगली थंडी लागली पाहिजे, नाहीतर त्या वर्षी कळ्या धरत नाहीत. ताई सकाळी कुंड्या अंगणात ठेवायच्या आणि स्वयंपाकाला लागायच्या. तासाभराने बघावं तर अंगण रिकामं. सासरे एकेक कुंडी छातीशी धरून आत आणायचे आणि हीटरसमोर ओळीने लावायचे.

"बाबा, अहो, बाहेर राहू द्या त्यांना."

"कुडकुडतायत ती."

"थंडी लागली नाही तर कळ्या येणार नाहीत. पाकिटावर लिहिलंय."

"पाकीट नापास," सासरे म्हणाले.

ताई कुंड्या बाहेर न्यायच्या, ते आत आणायचे. थंडी संपली. रोपं जमिनीत गेली, कमरेएवढी वाढली, पानांनी अर्धं अंगण व्यापलं. कळी एक नाही. ताई म्हणाल्या, "म्हणजे आता अजून एक वर्ष." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की त्या झाडांबद्दलच बोलतायत ना, असा मला प्रश्न पडला.

पावसाळ्यानंतर कारखान्यातून फोन आला. ताईंच्या जागेवरची मुलगी सोडून चालली होती. त्यांचे जुने साहेब म्हणाले, "या परत. खुर्ची तुमचीच आहे." त्या दिवशी मी ताईंना पहिल्यांदा घाईघाईने बोलताना ऐकलं. त्यांनी लगेच नणंदेला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असते, सणासमारंभापुरती येते. हो-ना करत ती म्हणाली, "एक दिवस येऊन बघते, वहिनी. आधी एक दिवस."

ती शनिवारी आली. ताई इस्त्रीची साडी नेसून, किल्ली नणंदेच्या हातात देऊन कामावर गेल्या. दिवसभरात अठ्ठावीस नमुने जुळवले, एकही परत आला नाही. संध्याकाळी घरी येऊन बघतात तर नणंद बॅग भरून पुढच्या खोलीत बसलेली. घरात परकी बाई शिरली म्हणून बाबा दहा वाजल्यापासून न्हाणीघराला आतून कडी लावून बसले होते. लेकीच्या हाकेला ओ दिली नव्हती. ताई दाराशी जाऊन म्हणाल्या, "बाबा, मी आलेय." कडी निघाली.

नणंद रडली. खोटं रडली असं मी म्हणणार नाही. "त्यांनी मला ओळखलं नाही, वहिनी. मला नाही जमायचं. तुम्ही आहात म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत."

सोमवारी ताईंनी कारखान्याला नाही कळवलं. नंतर कित्येक दिवस पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना त्या मध्येच म्हणायच्या, "निर्धास्त आहेत सगळे." रागाने नाही. बोटाला झालेली जखम आपण उगाच दाबून बघतो, तशा.

दुसरी थंडी आली. झाडांनी मुळं खोल धरली होती, आता त्यांना कोणी उचलून आत आणणार नव्हतं. थंडी सरल्यावर मधल्या झाडाच्या पोटातून एक जाड देठ वर आला आणि त्याच्या टोकाला कळी. माव्याची कीड पडली तर ताई साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून खवलान् खवला पुसायच्या. कळी मुठीहून मोठी झाली तेव्हा त्यांनी ती कापली, पाऊण तास उकडली आणि मला खाली बोलावलं.

पाकळी सोडवायची, बुडाकडचा गर दातांनी ओढायचा, उरलेलं टाकायचं. सासऱ्यांनी कवळी लावून नेटाने पाच-सहा पाकळ्या ओढल्या. ताटलीत चोथ्याचा ढीग वाढत गेला.

"एवढ्या खटपटीचं एवढंसंच?" ते म्हणाले. मग त्यांची नजर ताईंच्या गळ्यापाशी गेली. "दार तू लावतेस ना?"

"हो, बाबा."

"किल्ली तुझ्याकडे?"

"हो."

"मग तू का आत बसलीस?"

त्यांनी हे अगदी परीक्षकाच्या आवाजात, शांतपणे विचारलं. ताईंनी चमच्याने कळीच्या मधलं कुसळ खरवडून काढलं, खालचा मऊ गाभा सासऱ्यांच्या ताटलीत वाढला. ताईंचे कान लाल झाले होते.

लाज मला वाटली. पाच वर्षं त्यांच्या डोक्यावर राहत होते. रक्तदाब मोजून जात होते. "रविवारी दुपारी दोन तास मी बसते," मी म्हणाले. "ते मला ओळखतात. दर रविवारी."

पहिल्या रविवारी ताई गेल्या आणि सव्वा तासात परत आल्या. मी विचारलं, "एवढ्यात?"

"बसथांब्यावर बसले होते," त्या चपला काढत म्हणाल्या. "तीन बस सोडल्या. कुठली कुठे जाते ते सगळं पाठ आहे गं मला. पण मला कुठे जायचंय ते आठवेना."

त्याच्या पुढच्या रविवारी त्या एका बसमध्ये चढल्या, दोन थांबे पुढे उतरल्या आणि चालत घरी आल्या.